जुनी फटफटी

कोल्हारहून निघालेला राज्यमार्ग लोणी, संगमनेर हीं गांवें मागें टाकून प्रवरेच्या खोऱ्यांतून अकोल्यास येतो आणि पुढें विठा घाट चढून राजूर, भंडारदरा असा सह्याद्रीच्या कुशींतून घोटीकडे निघून जातो. अगस्ति ऋषींच्या आश्रमामुळें यात्रेकरूंना, आणि कळसूबाई, रतनगड व हरिश्चंद्रगड यांमुळें गिर्यारोहकांना अकोलें ठाऊक असतें. परंतु भोंवतालच्या वाड्या-वस्त्यांच्या दृष्टीनें अकोलें म्हणजे तालुक्याचें गांव. बाजार तेथें, कचेरी तेथें, दवाखाना तेथें आणि बियाण्याचें दुकानहि तेथेंच. एस. टी. आपल्या वेळेला येते. माणसाला मात्र त्याच्या वेळेला निघावयाचें असतें. ह्या दोन वेळांमधील अंतर भरून काढण्याचें काम पुष्कळ वर्षें एका वाहनानें केलें, आणि त्याचें नांव फटफटी.

हें नांव मराठीनें कानांवरून ठेवलें. तें सगळ्याच मोटारसायकलींना मिळालें असलें, तरी टू-स्ट्रोक गाडीला जितकें शोभलें तितकें दुसऱ्या कोणत्याहि गाडीला शोभलें नाहीं. उभी असतांना ती एका सुरांत चालतच नाहीं. एक ठोका पडतो, एखादा चुकतो, पुन्हां दोन पडतात, आणि मागें निळसर धूर व जळक्या तेलाचा वास. ज्यांचें बालपण १९६० ते १९९० ह्या तीन दशकांत गेलें, अशा श्रोत्यांना हा वास वर्णन करून सांगावा लागणार नाहीं. आज ह्या गाड्या कारखान्यांतून निघत नाहींत. परंतु पडवींत, गोठ्याच्या कडेला, गोणपाटाखालीं अशा पुष्कळ उभ्या आहेत, आणि त्यांपैकीं एखादी पुन्हां चालती करावी, तीहि दिवाणखान्यांत ठेवण्यासाठीं नव्हे तर घरापासून बाजारापर्यंत नेण्यासाठीं, असा ध्यास घेणारे लोक अलीकडे गांवोगांवीं आढळूं लागले आहेत. ह्या ध्यासाला केवळ हौस म्हणणें पुरेसें नाहीं. ह्या गाडीची घडण, तिचा आपल्या प्रांतांतील इतिहास आणि तिच्यावर झालेला कायद्याचा प्रहार हीं तिन्हीं पाहिल्यावांचून तिच्या दुरुस्तीचें मर्म कळत नाहीं.

घडणीपासूनच आरंभ करावा. सामान्य इंजिनांत पिस्टनच्या चार धावांत एकदां स्फोट होतो. टू-स्ट्रोक इंजिनांत दोनच धावांत होतो, म्हणजे आंतील चाकाच्या प्रत्येक फेऱ्यास एक. त्यांत झडपा नाहींत, झडपा उघडणारा दांडा नाहीं, तेलाचा पंपहि बहुतेक जुन्या गाड्यांत नाहीं. सिलिंडरच्या भिंतींत कांहीं खिडक्या कापलेल्या असतात. पिस्टन वर-खालीं जातां जातां त्या उघडतो आणि झांकतो. तो वर चढला कीं खालच्या बंद पेटींत, जिला कारागीर क्रँककेस म्हणतात तींत, पोकळी निर्माण होऊन पेट्रोल आणि हवा यांचें मिश्रण ओढलें जातें. स्फोटानें तो खालीं आला कीं तेंच मिश्रण दाबलें जाऊन बाजूच्या वाटेनें वर चढतें आणि जळलेल्या धुरास बाहेर ढकलून त्याची जागा घेतें. खालच्या पेटींत सतत मिश्रण खेळत असल्यामुळें तेथें तेल भरून ठेवतां येत नाहीं. म्हणून तेल पेट्रोलांतच मिसळावयाचें, आणि त्यानें जातां जातां बेअरिंगांना व पिस्टनला ओलावा देऊन शेवटीं पेट्रोलाबरोबर जळून जावयाचें. ह्या गाडीचें सारें भाग्य आणि सारें दुर्भाग्य ह्या एका योजनेंत सांठविलेलें आहे. हलणारे मुख्य भाग तीनच, म्हणून ती स्वस्त, हलकी आणि खेड्यांतील कारागिराला समजेल अशी झाली. आणि स्वतःचेंच तेल जाळीत चालते म्हणून पुढें दोषी ठरली.

ह्या योजनेच्या जनकाला कीर्ति लाभली नाहीं. दोन धावांचें इंजिन स्कॉटलंडच्या ड्यूगाल्ड क्लर्क यानें एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांतच केलें होतें, परंतु त्यांत मिश्रण भरण्यासाठीं दुसरा सिलिंडर लागे. इंग्लंडांतील बाथ येथें पाव करण्याचीं व इतर यंत्रें बनविणारा जोसेफ डे ह्या कारखानदारानें खालच्या पेटीकडूनच तें काम करून घेण्याची युक्ति काढली व १८९१ सालीं तिचें पेटंट घेतलें. त्याच्याच कारखान्यांतील फ्रेडरिक कॉक ह्या कामगारानें दुसऱ्याच वर्षीं उरलीसुरली झडपहि काढून टाकली आणि तिचें काम पिस्टनच्या कडेवर सोंपविलें. डे पुढें व्यवसायांत बुडाला. १९४६ सालीं तो वारला तेव्हां त्याचें नांव जवळजवळ कोणाच्या स्मरणांत नव्हतें, आणि त्याच्या कल्पनेवर मात्र साऱ्या युरोपांत गाड्या धांवत होत्या. जर्मनीच्या श्नुर्ले यानें १९२५ च्या सुमारास खिडक्यांची दिशा बदलून मिश्रणाला वळसा घालावयास लावलें, आणि सॅक्सनीतील डी. के. डब्ल्यू. ह्या कारखान्यानें त्याचा उपयोग करून जी १२५ घन सेंटिमीटरची लहानशी गाडी १९३९ सालीं काढली, तिच्या नकला महायुद्धानंतर इंग्लंड, अमेरिका, रशिया आणि जपान ह्या चारहि देशांत निघाल्या. यामाहाची १९५५ ची पहिली मोटारसायकल त्यांतलीच एक.

आपल्याकडे ही गाडी आली ती मुंबईच्या बंदरांतून. स्वातंत्र्यानंतरच्या काळांत चेकोस्लोव्हाकियाची जावा मोटारसायकल मुंबईंत आणून विकणाऱ्यांत रुस्तुम इराणी हे एक होते. परदेशी गाड्यांच्या आयातीवर सरकारनें निर्बंध घातले, तेव्हां त्यांनीं फारुख इराणी यांच्यासह म्हैसूर येथें आयडियल जावा हा कारखाना उभारला आणि १९६१ पासून तेथें जावा तयार होऊं लागली. २५० घन सेंटिमीटरच्या त्या गाडीला सिलिंडर एक आणि धुराच्या नळ्या दोन. गाडी सुरू करण्याची किक् आणि गियर बदलण्याचा पाय हीं दोन्हीं कामें एकाच दांड्यावर. १९७३ च्या सुमारास तिचें नांव येझदी झालें. त्याच दशकाच्या आरंभीं, म्हणजे १९६० नंतर लौकरच, फरिदाबादच्या एस्कॉर्ट्स कारखान्यानें पोलंडच्या एस. एच. एल. गाडीचा परवाना घेऊन १७५ घन सेंटिमीटरची राजदूत काढली. जावा शहरांतल्या तरुणांनीं मिरविली. राजदूत दूधवाल्यांनीं वापरली. दोन्ही बाजूंस दुधाचे कॅन अडकवून कच्च्या वाटेनें पहांटे संकलन केंद्र गांठणारी राजदूत हें उत्तर हिंदुस्थानापासून दक्षिण महाराष्ट्रापर्यंत सर्वत्र नित्याचें दृश्य होऊन बसलें. १९७३ च्या 'बॉबी' चित्रपटांत तिची एक लहान आवृत्ति झळकल्यानें तिलाहि थोडा शहरी मान मिळाला, पण तो अपवादच म्हणावयाचा.

नगर जिल्ह्याचा ह्या इतिहासांतील वाटा स्वतंत्रपणें सांगण्यासारखा आहे. नगरचे वकील कुंदनमल शोभाचंद फिरोदिया हे १९४६ ते १९५२ ह्या काळांत मुंबई विधानसभेचे अध्यक्ष होते. त्यांचे पुत्र नवलमल यांचें नांव ऑटोरिक्षाच्या आणि बजाज टेंपोच्या आरंभाशीं जोडलेलें आहे. दुसरे पुत्र हस्तीमल यांनीं १९७२ मध्यें कायनेटिक इंजिनियरिंगच्या द्वारें लुना बाजारांत आणली. इटलीच्या पियाज्जिओच्या मोपेडवर बेतलेली ही ५० घन सेंटिमीटरची गाडी. सुरू करावयास सायकलीसारखीं पायडलें, आणि पेट्रोल संपलें तर तींच मारीत घरीं यावयाचें. नगर-दौंड रस्त्यावरील कारखान्यामुळें हें वाहन जिल्ह्याला आपलें वाटलें तर त्यांत नवल नाहीं. तिला मोटारसायकल म्हणावयास कोणी राजी होणार नाहीं. परंतु शिक्षिका, पोस्टमन, लहान दुकानदार अशा ज्या माणसांना मोटारसायकल परवडत नव्हती, त्यांच्या हातीं स्वतःची वेळ प्रथम लुनानेंच दिली. इंजिनाचें तत्त्व मात्र तेंच, बाथच्या विस्मृत कारखानदाराचें.

ह्या काळाचें आणखी एक लक्षण ध्यानांत ठेवलें पाहिजे. किती गाड्या बनवावयाच्या हें कारखान्यांनीं ठरवावयाचें नव्हतें, सरकारी परवान्यानें ठरावयाचें होतें. आकुर्डीच्या बजाज स्कूटरसाठीं लोक वर्षानुवर्षें नांव नोंदवून थांबत. मिळालेली गाडी मोडली म्हणून दुसरी घेणें हा मार्गच नव्हता. ती दुरुस्त करणें एवढाच मार्ग होता. टू-स्ट्रोकचा कारागीर ह्या टंचाईंतून जन्मास आला. एका झाडाखालीं गोणपाट अंथरून, पाने, स्क्रू-ड्रायव्हर आणि एक जुना ब्लेडचा तुकडा एवढ्या साहित्यावर इंजिन खोलणारा माणूस तालुक्याच्या प्रत्येक गांवीं तयार झाला. त्याला शिक्षण कोणी दिलें नव्हतें, गाडीनेंच दिलें. आज जुनी गाडी उभी करावयास निघालेल्या मालकाचें यश गाडीपेक्षां ह्या माणसावर अधिक अवलंबून आहे, आणि तो आतां साठीच्या पुढें आहे. सुटे भाग पुण्याहून आणतां येतात, त्याचा हात आणतां येत नाहीं.

उतरती कळा १९८५ पासून लागली असें म्हणावयास हरकत नाहीं. त्या वर्षीं एस्कॉर्ट्सनें यामाहाच्या सहाय्यानें आर. एक्स. १०० ही अत्यंत चपळ टू-स्ट्रोक गाडी काढली, आणि त्याच वर्षीं हिरो होंडाची चार धावांची सी. डी. १०० आली. पहिलीनें तरुणांचें मन जिंकलें, दुसरीनें त्यांच्या वडिलांचें. कारण एका लिटरांत ती पुष्कळच दूर जाई आणि तींत तेल मिसळण्याची कटकट नव्हती. पुढें प्रश्न पैशाचा न राहतां हवेचा झाला. टू-स्ट्रोकमध्यें नवें मिश्रण जुन्या धुराला बाहेर ढकलतें तेव्हां त्यांतला बराच भाग न जळतांच धुराबरोबर निसटतो. खिडकी दोघांनाहि एकाच वेळीं उघडी असते, त्याला पिस्टनचा इलाज नाहीं. दुचाकीच्या धुरांत दर किलोमीटरमागें कार्बन मोनॉक्साइड ४.५ ग्रॅमपेक्षां अधिक नसावा असा नियम १९९६ सालीं झाला. २००० सालीं तो आंकडा २ ग्रॅमवर आला. आपल्या रघुनाथ माशेलकर यांच्या अध्यक्षतेखालील समितीनें २००२ सालीं पुढच्या पायऱ्या आंखून दिल्या. म्हैसूरचा कारखाना १९९६ मध्यें बंद पडला, आर. एक्स. १०० चें उत्पादनहि त्याच सुमारास थांबलें, आणि राजदूत व लुना ह्या नव्या शतकाच्या पहिल्या दशकांत बाजारांतून दिसेनाशा झाल्या. ह्यांत कोणावर अन्याय झाला असें म्हणतां येणार नाहीं. ज्यानें त्या काळीं पुण्याच्या लक्ष्मी रस्त्यावर सायंकाळीं श्वास घेतला असेल, तो असें म्हणणारहि नाहीं.

असो. अशी एक गाडी, समजा वडिलांची राजदूत, गोणपाट काढून अंगणांत आणली आहे. बहुतेक मालक प्रथम तिला रंग देण्याच्या विचारांत पडतात, आणि तेथेंच चुकतात. पहिलें काम पाण्याचें आणि फडक्याचेंहि नव्हे. तें नोंदणीच्या पुस्तकाचें. इंजिनावर आणि सांगाड्यावर ठोकलेले आंकडे पुस्तकांतील आंकड्यांशीं ताडून पाहावे. मागें कधीं काळीं दुसऱ्या गाडीचें इंजिन बसविलेलें असलें आणि त्याची नोंद नसली, तर पुढचा सगळा खर्च पाण्यांत जाण्याचा संभव असतो.

दुसरें काम टाकीचें. वर्षानुवर्षें पडून राहिलेलें पेट्रोल वारनिशासारखें चिकट होतें आणि टाकीच्या तळाला गंजाचा थर बसतो. टाकींत मूठभर लहान खडे किंवा नट आणि थोडें रॉकेल घालून ती हलविण्याची जुनी रीत अद्याप उत्तम आहे. तिला हात आणि संध्याकाळ पुरेशा लागतात. कार्ब्युरेटर खोलून त्याचीं बारीक भोंकें फुंकून साफ करावीं, तारेनें खरवडूं नयेत. तारेनें भोंक केसभर मोठें झालें तरी गाडी जन्मभर अधिक पेट्रोल पिते.

नंतर खरी कसोटी येते. टू-स्ट्रोक गाडीची खालची पेटी म्हणजे एक पंप आहे, आणि पंपाची इज्जत त्याच्या घट्टपणावर. क्रँकच्या दोन्ही टोंकांस रबरी कडीं असतात, त्यांना ऑईल-सील म्हणतात. गाडी कितीहि थोडी चाललेली असली तरी पंधरा-वीस वर्षें पडून राहिली कीं हीं कडीं वाळून कडक होतात. गियरपेटीकडील कडें फुटलें तर इंजिन तिकडचें तेल ओढून पांढरा धूर ओकूं लागतें; दुसऱ्या बाजूचें फुटलें तर बाहेरची हवा आंत शिरते, मिश्रण पातळ होतें, इंजिन तापतें आणि ऐन रस्त्यांत पिस्टन सिलिंडरला धरून बसतो. दिसावयास हा भाग अगदींच क्षुल्लक. तो बदलण्यासाठीं मात्र इंजिन एका बाजूनें उघडावें लागतें, आणि कांहीं गाड्यांत दोन शकलें करावें लागतें. गाडी एका किकेंत सुरू झाली म्हणून समाधान मानून जो हें काम टाळतो, त्याची गाडी संगमनेरच्या वाटेवर त्याला चालावयास लावते.

सिलिंडर झिजला असल्यास तो लेथवाल्याकडून थोडा मोठा कोरून घ्यावा लागतो. कारखाने पिस्टन पाव-पाव मिलिमीटरनें मोठ्या मापांचे काढीत असत, त्यामुळें एकच सिलिंडर तीन-चार वेळां कोरतां येई. ज्या लेथवर शेतीच्या पंपाचे भाग कातले जातात तेथें हें काम होतें. मात्र खिडक्यांच्या धारा नंतर किंचित् मारून घ्यावयास कारागिराला आवर्जून सांगावें लागतें, नाहीं तर रिंग त्या धारेला अडकून तुटते. ह्याच कारणास्तव टू-स्ट्रोकच्या पिस्टनमध्यें रिंगचें तोंड एका जागीं धरून ठेवणारी बारीक खुंटी असते. रिंग फिरून तिचें तोंड खिडकीसमोर आलें कीं ती बाहेर डोकावते आणि मोडते. नवशिक्या माणूस रिंग खुंटीवर न बसवितां सिलिंडर दाबून बसवितो आणि रिंगचे तुकडे हातांत घेऊन बसतो. धुराच्या नळींतील काजळी काढण्याचें काम सोपें पण घाणेरडें. आंतील जाळीदार नळी काढून शेकोटींत लाल होईपर्यंत तापवावी आणि थंड झाल्यावर ठोकावी. किलोच्या मापानें काजळी निघाली तरी आश्चर्य वाटूं नये, आणि अर्ध्या गाड्यांचें 'इंजिन बसलें' म्हणून जें निदान होतें त्याचें खरें मूळ ह्या नळींत असतें.

ठिणगीची व्यवस्था मॅग्नेटोच्या मागें असते. पॉइंट नांवाचे दोन टिकले, त्यांमधील अंतर सुमारें ०.४ मिलिमीटर, आणि त्यांना सांभाळणारा कंडेन्सर. जुन्या कारागिरांपैकीं पुष्कळांजवळ तें अंतर मोजावयास फीलर-गेज नसे. ते दाढीचें ब्लेड आणि अनुभव वापरीत. सहा व्होल्टचा दिवा आजच्या रस्त्यावर अपुरा पडतो हें मान्य करून अनेकजण तो बारा व्होल्टांचा करून घेतात. मूळ स्वरूपाचे कट्टर अभिमानी ह्यावर नाक मुरडतात. परंतु ज्या मालकाला कृषिसेवा केंद्रांतून काळोख पडल्यावर घरीं यावयाचें आहे, त्यानें खड्ड्याला अभिमान कसा दाखवावा? ब्रेकची तीच गोष्ट. ड्रमचे जुने ब्रेक घासलेल्या लायनिंगवर चालविण्यांत कसलाहि ऐतिहासिक पुरुषार्थ नाहीं.

भाग मिळतात, पण निवड करावी लागते. पुण्याच्या नाना पेठेंत दुचाकीच्या सुट्या भागांचीं दुकानें आहेत, जुन्या बाजारांत कधीं कधीं न वापरलेली मूळ वस्तु धूळ खात पडलेली सांपडते. नव्यानें बनलेल्या नकला मात्र बेभरंवशाच्या; चकाकणाऱ्या नकली पिस्टनपेक्षां थोडा वापरलेला अस्सल पिस्टन केव्हांहि बरा. रंगाचें मत वेगळेंच आहे. वडिलांच्या गुडघ्यानें टाकीवर झिजलेली जागा, दुधाच्या कॅनचे मागच्या बाजूस उमटलेले वण, हे रंगवून पुसून टाकले कीं गाडी नवी दिसते, पण कोणाची होती तें सांगावयास ती असमर्थ होते. गंज थांबवावा आणि वण ठेवावे हाच मध्यम मार्ग शहाणपणाचा दिसतो.

पेट्रोलाची अडचण आधींच्या पिढीला नव्हती. उसाच्या मळीपासून काढलेला मद्यार्क पेट्रोलांत मिसळण्याचा कार्यक्रम २००३ पासून सुरू झाला. पांच टक्क्यांवरून २०२२ मध्यें दहा आणि २०२५ पर्यंत वीस टक्क्यांवर तो गेला. १९५० च्या सुमारास विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनीं लोणीजवळ प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना उभा केला, तेव्हां ह्याच खोऱ्यांतला ऊस एक दिवस फटफटीच्या टाकींत जाईल असें कोणाच्या मनांतहि आलें नसेल. शेतकऱ्याला त्यांत लाभ आहे. जुन्या गाडीला मात्र तो मद्यार्क मानवत नाहीं. तो जुनें रबर आणि नळाचें बूच फुगवितो, हवेंतील ओलावा शोषून घेतो, आणि टाकींत महिनोन् महिने राहिल्यास पाण्यासह तळाशीं उतरतो. म्हणून रबरी भाग नव्या जातीचे घालावे, आणि गाडी चालवीत राहावें. उभी करून ठेवणें हेंच आतां तिला सर्वांत अपायकारक आहे.

येथपर्यंत सगळें माणसाच्या हातीं होतें. पुढचा घाट कायद्याचा. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणें खासगी दुचाकीची नोंदणी पंधरा वर्षांची, नंतर दर पांच वर्षांनीं ती नवी करावयाची. अकोल्याच्या मालकाला त्यासाठीं श्रीरामपूरच्या परिवहन कार्यालयाकडे, म्हणजे 'एमएच १७' च्या कचेरीकडे, जावें लागतें. १ एप्रिल २०२२ पासून दुचाकीच्या नूतनीकरणाचें शुल्क ३०० वरून १,००० रुपये झालें, आणि वीस वर्षांहून जुन्या दुचाकीसाठीं ऑगस्ट २०२५ मध्यें तें २,००० करण्यांत आलें; शिवाय पर्यावरण कर निराळा. नोंदणी बरीच वर्षें चुकली असली तर दंडासह हिशेब वाढतो. धुराची चाचणी आहेच. २००० पूर्वींच्या दुचाकीस कार्बन मोनॉक्साइड ४.५ टक्के आणि न जळलेलें इंधन दशलक्षांत ९,००० भाग एवढी सवलत आहे. काजळी काढलेली, कार्ब्युरेटर नीट लावलेली गाडी तींत बसूं शकते. हयगय केलेली बसत नाहीं, आणि बसूं नयेच.

ज्यांची गाडी पन्नास वर्षांपेक्षां जुनी आहे त्यांच्यासाठीं २०२१ मध्यें केंद्र सरकारनें आणखी एक दार उघडलें. अशी गाडी मूळ स्वरूपांत असल्यास ती 'व्हिंटेज' म्हणून नोंदतां येते; नवी नोंदणी २०,००० रुपये, मुदत दहा वर्षें, आणि क्रमांकांत 'व्हीए' अशीं अक्षरें. वरवर पाहतां हा बहुमानच. परंतु त्याबरोबर अट अशी कीं, ती गाडी प्रदर्शन, संशोधन, मिरवणूक, अथवा इंधन भरणें व दुरुस्ती एवढ्यांसाठींच रस्त्यावर आणावी. नित्याच्या वापरासाठीं आणूं नये. म्हणजे सन्मान पत्करला कीं बाजारांतून भाजी आणावयाची नाहीं. मुंबई-पुण्याच्या संग्राहकाला ह्यांत कांहीं गमवावें लागत नाहीं. अकोल्याच्या मालकाला मात्र निवड करणें प्राप्त होतें: गाडी ऐतिहासिक म्हणून जपावी, कीं गाडी म्हणून जपावी. ज्यांना ती बाजारांत न्यावयाची आहे ते साध्या नोंदणीची खटपट करतात आणि दर पांच वर्षांनीं श्रीरामपूरची वारी पत्करतात. जें वाहन दूध वाहण्यासाठीं, शाळेंत पोंचण्यासाठीं जन्मलें, त्याला कांचेच्या पेटींत बसवून त्याचा इतिहास राखला असें म्हणणें अर्धसत्य होईल. त्यांची खटपट म्हणून व्यर्थ वाटत नाहीं. दुसरी बाजूहि तितकीच खरी. शाळा सुटण्याच्या वेळीं फाटकासमोर निळा धूर सोडणारी गाडी, मग ती कितीहि प्रेमानें दुरुस्त केलेली असो, मुलांच्या छातीचा विचार करीत नाहीं. आणि अशा गाडीचा मालक जेव्हां 'मूळ आवाज' म्हणून धुराच्या नळींतील जाळी काढून टाकतो, तेव्हां तो कायदा करणाऱ्यांचीच बाजू बळकट करीत असतो.

नांवें तर बाजारानें केव्हांच परत आणलीं. जावा २०१८ मध्यें आणि येझदी २०२२ मध्यें पुन्हां आली, परंतु दोघींचें इंजिन चार धावांचें. लुना २०२४ मध्यें परतली ती विजेवर, फिरोदिया घराण्याच्याच कंपनीकडून; तिला ना पायडलें, ना धूर, ना तेल. नगर जिल्ह्याच्या रस्त्यांवर ती निःशब्द जातांना पाहून जुन्या लोकांना हंसूंहि येतें आणि थोडें चुकल्यासारखेंहि वाटतें. ठोका, त्याची चूक आणि तो वास हे आतां केवळ जुन्या गाड्या उभ्या करणाऱ्यांच्या स्वाधीन आहेत.

दुरुस्त झालेली गाडी चालविणें हीहि एक शिकण्याची गोष्ट आहे, कारण तिच्या संवयी नव्या गाडीसारख्या नाहींत. राजुराकडून अकोल्याला येतांना विठा घाटाचा उतार लागतो. नव्या गाडीचा स्वार तेथें पेट्रोल बंद करून गाडी गियरमध्यें ठेवतो आणि इंजिनाच्या ओढीवर उतरतो. टू-स्ट्रोकमध्यें असें करणें घातक. पेट्रोल बंद म्हणजे तेलहि बंद, आणि इंजिन तर चाकाच्या वेगानें कोरडें फिरतच आहे. म्हणून जाणता स्वार उतारावर अधूनमधून मूठ किंचित् पिळतो. बाहेरच्या माणसाला ती उगीचची घाई वाटते. वस्तुतः तो इंजिनाला एक-एक घोट तेल पाजीत असतो. गाडीलाहि इंजिनाची ओढ फारशी मिळत नसल्यानें सगळा भार ब्रेकवर येतो, आणि लायनिंग बदलतांना केलेला खर्च येथें वसूल होतो.

उतार संपला कीं अकोल्याचा पेट्रोलपंप. येथें पाईप बाजूला झाल्यावर काम संपत नाहीं. पांच लिटर पेट्रोलास दोनशें मिलिलिटर तेल, हें एकास पंचवीसचें प्रमाण जुन्या माणसांच्या तोंडीं पाढ्यासारखें असे. कांहीं गाड्यांच्या टाकीच्या झांकणालाच त्यासाठीं मापाची वाटी जोडलेली असे. पंपावरचा मुलगा बहुधा वीस-बावीस वर्षांचा असतो. त्यानें हें कधीं पाहिलेलें नसतें. गाडीवाला पिशवींतून हिरव्या तेलाची बाटली काढतो, वाटी भरून टाकींत ओततो, झांकण लावतो, आणि तेल पेट्रोलांत नीट मिसळावें म्हणून गाडी दोन्ही हातांनीं धरून डावी-उजवीकडे हलवूं लागतो. मागें रांगेंत उभ्या असलेल्या गाड्यांचे भोंगे वाजूं लागतात. तो हलवीतच राहतो. अजून एक मिनिट तरी लागणार असतें.